शिवारातला कायदा : पेटीबरोबर पास आहे का?



उन्हाळा लागला की माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागांत दुपारच्या वेळी एक ठराविक आवाज कानी येतो. आधी शिट्टी, मग लांबलचक आरोळी आणि मग जमिनीच्या पोटातून धडधड. कोणाची तरी विहीर खाली उतरत असते. वरचा मुरूम टिकावाने निघतो, पण त्याखालचा काळा फत्तर सुरुंगाशिवाय हलत नाही. कंप्रेसरवाला भोके मारतो, सुरुंगवाला ठासतो, यारीवाला डबर वर काढतो आणि घरची लक्ष्मी या सगळ्यांच्या भाकरी थापते. पाणी लागेल का, एवढा एकच घोर सगळ्या घराला असतो. सुरुंगाची पेटी कोठून आली, कोणाच्या नावावर आली आणि उरलेला माल कोठे गेला, हे मात्र कोणी विचारत नाही. या आठवड्यात आपल्याला तेच विचारायचे आहे. त्यासाठी तुम्हांला पार समुद्रापलीकडच्या बंदरापर्यंत नेणार आहे. पण परत आपल्याच विहिरीवर येऊ.

आधी पेटीची ओळख करून घेऊ. आपण सगळे 'जिलेटिनच्या कांड्या' म्हणतो, पण आताची कांडी खरे तर जिलेटिन नव्हेच. जुन्या कांडीत नायट्रोग्लिसरीन असे. ती हाताळली की कपाळ ठणकायचे, हे जुने सुरुंगवाले अजून सांगतात. तसली कांडी आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून बंद झाली. आता मिळते ती वेगळ्या मसाल्याची, धक्क्याला जरा सोशीक. पण सोशीक म्हणजे गरीब नव्हे. आणि तिला जाग आणणारी जी टोपी असते, करंगळीएवढी चकाकती नळी, ती तर मुळीच सोशीक नाही. म्हणूनच टोप्या आणि कांड्या एकत्र ठेवायच्या नाहीत, एकत्र न्यायच्या नाहीत, असा नियम जगभर आहे. विजेवर उडणाऱ्या साध्या टोप्या तर १ एप्रिल २०२५ पासून आपल्या सरकारने बनवायला आणि जवळ बाळगायलाही बंद केल्या आहेत. कोणी जुना साठा स्वस्तात देऊ करील, तर तो घेऊ नका.

ही पेटी कारखान्यातून निघते तेव्हा तिच्याबरोबर कागद निघतो. तो काढण्याचे नियम करणारे आणि पाळायला लावणारे खाते आपल्याच नागपुरात बसते. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे लोकांच्या तोंडी 'पेसो'. सगळ्या देशाचे मुख्य स्फोटक नियंत्रक तेथे असतात. १८८४ सालचा स्फोटक कायदा आणि त्याखालचे २००८ सालचे नियम यांच्या आधारे हे खाते परवाने देते. कारखान्याला परवाना, कोठाराला परवाना, माल नेणाऱ्या गाडीला परवाना. एवढेच काय, ज्या ट्रॅक्टरवर कंप्रेसर बसवला आहे त्यातून माल न्यायचा तर त्या ट्रॅक्टरचीही रचना कशी असावी हे नियमांत लिहिले आहे. सुरुंग उडवणाऱ्या माणसालाही वेगळा दाखला लागतो. मालाबरोबर पास जातो, त्यावर कोठून कोठे, किती आणि कोणाकडे हे लिहिलेले असते आणि पोलिसांना त्याची खबर असते.

कोणी म्हणेल, चार कांड्यांसाठी एवढा पसारा कशाला? थोडा दम धरा.

देशाच्या हद्दीतून माल आत आणायचा किंवा बाहेर पाठवायचा तर हाच पसारा दुप्पट होतो. आयातीचा परवाना वेगळा, निर्यातीचा वेगळा, दोन्ही नागपूरचे. कोणत्या जातीचा माल, किती, कोणत्या बंदरातून, हे परवान्यात आधीच ठरलेले असते, आणि सीमाशुल्क खाते तो पाहिल्याशिवाय पेटी हलू देत नाही. पेटीवर नारिंगी रंगाची चौकट आणि संयुक्त राष्ट्रसंघाने ठरवून दिलेला आकडा असतो, म्हणजे भाषा न कळणाऱ्या हमालालाही कळावे की हिला आपटायचे नाही. शेजारच्या नेपाळात धरणांच्या बोगद्यांसाठी आपल्याकडून दारू जाते, ती तर तेथे थेट लष्कराच्या देखरेखीखाली असते.

या सगळ्या कागदांचा मतलब एकच आहे. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर हा माल कोणाच्या तरी गळ्यात असला पाहिजे. सही करणारा कोणीतरी असला पाहिजे. माल वाटेत अडकला आणि तो माझा म्हणणारा कोणी उरला नाही की काय होते, ते बैरूतने दाखवले.

२०१३ साली एक जुनाट जहाज जॉर्जिया देशातून आफ्रिकेतल्या मोझांबिककडे निघाले. पोटात २७५० टन अमोनियम नायट्रेट. हा खताचा सख्खा भाऊ, आणि सुरुंगाच्या दारूचा कच्चा माल. मोझांबिकच्या स्फोटकांच्या कारखान्यासाठीच तो चालला होता. वाटेत जहाज लेबनॉनच्या बैरूत बंदरात थांबले आणि देण्याघेण्यापायी तेथेच अडकले. मालकाने हात झटकले. २०१४ साली माल उतरवून बंदराच्या १२ नंबरच्या गोदामात टाकला. सीमाशुल्काचे अधिकारी न्यायाधीशाला पत्रे लिहीत राहिले, याचे काहीतरी करा म्हणून. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, पोती जागची हलली नाहीत. ४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी गोदामाला आग लागली आणि अर्धे शहर हादरले. दोनशेहून जास्त माणसे गेली.

तेव्हा आपल्याकडेही धावपळ उडाली, कारण चेन्नईजवळच्या गोदामात असाच, परदेशातून आलेला आणि २०१५ साली जप्त झालेला सुमारे ७०० टन माल पाच वर्षे पडून होता. बैरूतनंतर काही दिवसांतच तो हैदराबादकडे हलवला. आधी का नाही, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे. आपल्या देशात २०११ साली अमोनियम नायट्रेटला स्फोटकांत धरले आणि २०१२ साली त्याचे वेगळे नियम आले. ज्या खतांतून ते वेगळे काढता येत नाही ती त्यातून वगळली आहेत, तेव्हा खताच्या दुकानात जाताना घाबरायचे कारण नाही.

पण बैरूतपर्यंत जायला तरी कशाला हवे? आपल्या मुंबईच्या गोदीत १९४४ साली जे झाले ते घराघरांतल्या आजोबांना ठाऊक होते. मुंबईत पोट भरायला गेलेली सातारा-सांगलीकडची माणसे तेव्हाही पुष्कळ. 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज इंग्लंडहून दारूगोळा घेऊन निघाले. १४०० टनांच्या आसपास दारूगोळा आणि काही पेट्या सोने. कराचीत त्यावर कापसाच्या हजारो गाठी चढवल्या. दारूच्या शेजारी कापूस! चुलीशेजारी कडबा रचावा तसे. कप्तानाला ते पटले नव्हते, पण लढाईचा काळ, जहाजे कमी, रिकामी जागा सोडायची नाही असा हुकूम. स्फोटके असलेल्या जहाजावर लाल निशाण लावण्याची रीतही लढाईमुळे सुटली होती. १२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले. १४ तारखेला दुपारी कापसात धूर दिसला, चारच्या सुमारास पहिला स्फोट आणि अर्ध्या तासाने दुसरा. आठशेहून अधिक माणसे मेली, त्यांत आग विझवायला धावलेले ६६ जवान होते. अग्निशमन दलाचा सप्ताह १४ एप्रिलपासून का सुरू होतो, ते आता ध्यानात आले असेल.

आणि पाहा, इतिहासाचे कसे असते. नेमक्या त्याच दिवशी आपल्या प्रतिसरकारची मंडळी, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे सोबती, तिकडे खानदेशात चिमठाण्याजवळ इंग्रजांचा खजिना लुटत होती. त्याच नागनाथअण्णांनी गोव्याच्या हद्दीतून, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज मुलखातून, हत्यारे आणली होती. त्यांना कोण परवाना देणार?

हा मुद्दा मी मुद्दाम काढला. कारण पारावर बसलेला एखादा जाणता म्हणेल, अहो, हे कायदे इंग्रजांनी आपल्याला दाबायला केले, त्यांचे काय कौतुक सांगता? त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. १९०८ च्या एप्रिलमध्ये मुझफ्फरपूरला बाँब पडला आणि जूनमध्ये सरकारने घाईघाईने स्फोटक पदार्थांचा आणखी एक कायदा केला. लोकमान्यांनी 'केसरी'त त्यावर कोरडे ओढले. त्यांच्या घराच्या झडतीत एक कार्ड सापडले, त्यावर स्फोटकांवरच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे! सरकारी वकिलाला हर्ष झाला. लोकमान्यांचे म्हणणे साधे होते: नव्या कायद्यात 'स्फोटक' कशाला म्हटले आहे त्यावर टीका करायची, तर आधी अभ्यास नको का? सहा वर्षे मंडाले मिळाली ती लेखांबद्दल. ते १८८४ आणि १९०८ सालचे दोन्ही कायदे, दुरुस्त्या होत, स्वराज्यातही चालू राहिले. जुलमासाठी वापरले तर जुलमीच. पण दारू काही सरकार कोणाचे ते पाहून उडत नाही.

आणि ते मोडले तर काय होते, तेही याच महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९३ च्या सुरुवातीला रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला, रात्रीच्या अंधारात परदेशातून हत्यारे आणि आरडीएक्स उतरले. कागद नव्हताच. पाहणाऱ्या काहींनी पैसे घेऊन डोळे मिटले. पुढे १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली, आणि खटल्यात सीमाशुल्क खात्याच्या आणि पोलिसांतल्या माणसांनाही शिक्षा झाल्या.

आता परत विहिरीवर येऊ.

बैरूतचे ते १२ नंबरचे गोदाम आपल्या घरात असते. हसू नका. विहिरीचे काम दोन परसांवर थांबते, पैसे संपतात किंवा पाऊस येतो. सुरुंगवाला म्हणतो, "दादा, एवढ्या सात कांड्या आणि चार टोप्या राहू द्या तुमच्याकडे, दिवाळीनंतर येतो." तो येत नाही. कांड्या माळ्यावर, नाहीतर गोठ्यात कडब्यामागे. टोप्या दिवळीत, खिळ्यांच्या डब्यात. मालक नसलेला माल! दोन उन्हाळे जातात. ज्याने ठेवल्या तो विसरतो आणि डबा पोराच्या हाती लागतो. टोपी चकाकते, पोकळ असते, पोरे ती दगडाने ठेचून पाहतात, पिनेने टोकरतात, बॅटरीच्या सेलला तार लावून पाहतात. बोटे जातात, डोळा जातो. अशा पोराला पुन्हा पाटी-पेन्सिल धरायला शिकवताना आईच्या जिवाचे काय होते, ते कोणत्याही परवान्यावर लिहिलेले नसते.

शिवाय कायद्याने अशी कांडी घरात ठेवणे हाच गुन्हा आहे. परवान्याशिवाय जवळ बाळगणे, वापरणे किंवा नेणे यासाठी १८८४ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. विनापरवाना देशात आणणे किंवा बाहेर पाठवणे यासाठी तीन. आणि हेतूबद्दल संशय आला की १९०८ चा कायदा लागतो, तो याहून फार कडक. "सुरुंगवाल्याने ठेवले होते" हे खरे असले तरी पंचनामा तुमच्या घराचा होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईत एका गाडीत २० कांड्या सापडल्या तेव्हापासून तर पोलीस अशा मालाकडे पूर्वीच्या सवयीने पाहत नाहीत.

तेव्हा उक्ते ठरवताना दराबरोबर एवढे बोलून घ्या. परवाना कोणाचा, त्याची प्रत दाखव. सुरुंग ठासणारा माणूस कोण, त्याचा दाखला आहे का. माल कोठारातून येणार त्याच दिवशी वापरायचा आणि उरलेला त्याच दिवशी त्यानेच, त्याच्याच गाडीतून परत न्यायचा. एसटीच्या पिशवीतून नाही, तुमच्या मोटारसायकलवरून तर मुळीच नाही. संध्याकाळी त्याच्यासमोर मोजा: आणल्या किती, उडाल्या किती, परत किती. हे मोजायला घरातल्या बाईला उभे करा. ती भाकरीचा हिशेब चुकत नाही, कांड्यांचाही चुकणार नाही. वातीचा एखादा सुरुंग उडाला नाही तर निदान अर्धा तास कोणी विहिरीत वाकायचेसुद्धा नाही, आणि त्याच भोकात पुन्हा पहार घालायची नाही.

जत तालुक्यात, उमदीच्या बाजूला, एक वेगळी भानगड असते. शिवार इकडे आणि कंप्रेसर कर्नाटकातून. हद्द ओलांडली की सगळे बेकायदा, असे समजू नका. कायदा केंद्राचा आहे, दोन्ही राज्यांना एकच. पण पासावर जेथले नाव आहे तेथेच माल जायला हवा. विजापूरकडच्या खाणीच्या नावाने निघालेली पेटी तुमच्या विहिरीवर आली, तर ती वाट चुकलेली पेटी. तिचा भाव कमी असतो, तो याचसाठी.

घरात जुन्या टोप्या किंवा कांड्या सापडल्याच, तर त्यांना हात लावू नका. पुरू नका, विहिरीत टाकू नका, जाळू तर नकाच. पोरांना लांब करा, पोलीस पाटलाला बोलवा आणि पोलीस ठाण्यात कळवा, किंवा ११२ नंबर फिरवा. किती सापडल्या, कोठे आहेत आणि कोणी केव्हा ठेवल्या होत्या, हे आठवेल तसे लिहून द्या, आणि दिलेल्या अर्जाची पोच मागून घ्या.