दोन दिवसांत एक गेम

तुमच्या घरात मोबाइलवर गेम खेळणारं कुणीतरी असेलच. "किती वेळ चाललाय तो गेम? ठेव आता!" हे वाक्य तुम्ही एकतर रोज ऐकत असाल किंवा रोज बोलत असाल. आजचा विषय मात्र गेम बनवण्याचा आहे. घरी बसून, शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत एक छोटासा गेम तयार करायचा आणि जगभरातल्या लोकांना खेळायला द्यायचा, अशा ऑनलाइन स्पर्धा असतात. त्यांना म्हणतात गेम जॅम.

हा जॅम पोळीला लावायचा नाही हं! चार वादक जमतात आणि आधी काही न ठरवता वाजवायला लागतात, त्याला जॅमिंग म्हणतात ना, त्यातला हा जॅम.

स्पर्धा कशी चालते?

ठरलेल्या वेळी आयोजक एक विषय जाहीर करतात. तोपर्यंत तो स्पर्धकांना माहीत नसतो. तिथून घड्याळ सुरू होतं. कुठे ४८ तास मिळतात, कुठे ७२, कुठे आठवडाभर. वेळ संपायच्या आत गेम अपलोड करायचा. मग पुढचे काही दिवस बऱ्याच जॅममध्ये स्पर्धकच एकमेकांचे गेम खेळतात आणि गुण देतात. बहुतेक ठिकाणी प्रवेश शुल्क नसतं आणि रोख बक्षीसही नसतं.

लुडम डेअर ही यातली जुनी स्पर्धा, २००२ पासूनची. तिच्या एका गटात एकट्याने ४८ तासांत सगळं करायचं असतं, दुसऱ्या गटात टीम चालते आणि ७२ तास मिळतात. ग्लोबल गेम जॅम २००९ मध्ये सुरू झाला. तो एरवी गावोगावी एकत्र जमून होतो, पण कोरोनामुळे २०२१ मध्ये ऑनलाइन घ्यावा लागला. यूट्यूबवर गेमच्या रचनेबद्दल बोलणारे ब्रिटनचे मार्क ब्राउन २०१७ पासून जीएमटीके गेम जॅम घेतात. तो इच डॉट आयओ नावाच्या साइटवर होतो, आणि तिथे वर्षभर इतरही लहानमोठे जॅम सुरू असतात.

आपल्या देशातही असं झालं आहे. जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या अनेक मंत्रालयांनी मिळून 'टॉयकेथॉन' जाहीर केली. खेळणी आणि खेळ यांच्या नव्या कल्पना मागवल्या होत्या. सुमारे १ लाख २० हजार जणांनी नावं नोंदवली, १७ हजारांहून जास्त कल्पना आल्या. त्यातल्या १,५६७ कल्पना निवडल्या गेल्या आणि २२ ते २४ जून असे तीन दिवस अंतिम फेरी ऑनलाइन झाली. त्या फेरीत डिजिटल खेळण्यांच्या कल्पना असलेल्या टीम होत्या.

आणि दोन-चार दिवसांत बनवलेलं सगळं वाया जातं असं समजू नका. 'बाबा इज यू' हा गाजलेला कोड्यांचा गेम फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांनी २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये सुरू केला. 'सेलेस्ट' हा डोंगर चढण्याचा गेम आधी दोघांनी चार दिवसांत बनवला होता. त्यावर पुढे काम झालं आणि २०१८ मध्ये पूर्ण गेम आला.

आमच्या क्वार्टरमधला गेम

आता घरचं उदाहरण सांगते. मी भिलाईच्या सेक्टर २ मध्ये राहते. भिलाई म्हटलं की पोलाद कारखाना. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ मध्ये पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली आणि देशभरातून माणसं इथे कामाला आली. त्यात विदर्भातली मराठी घरंही होती. आमचं त्यातलंच एक.

माझा मामा प्लांटमध्ये आहे. मामेबहीण बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेऊन इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. भिलाईत हे घरोघरी दिसतं. कुणाच्या मुलाला किती मार्क मिळाले, कुणाची रँक काय आली, हे भाजीवालीलासुद्धा माहीत असतं. अशा घरात मुलगी म्हणाली, "मला दोन दिवस गेम बनवायचाय." मामी गप्प बसली. मामा म्हणाला, "वर्ष परत मिळत नसतं, बेटा."

शेवटी असं ठरलं की शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ एवढाच वेळ, आणि सोमवारची टेस्ट चुकवायची नाही. टीम तिघींची. मामेबहिणीकडे प्रोग्रामिंग, वरच्या मजल्यावरच्या तिच्या मैत्रिणीकडे चित्रं, आणि माझ्याकडे शब्द आणि आवाज. बीए इंग्लिशवाल्या बहिणीचा तेवढाच उपयोग!

विषय जाहीर झाला: आवाज. आम्ही तासभर राक्षस, जंगल, अंतराळयान असं काय काय बोलत होतो. मग मामेबहीण म्हणाली, "नाइट शिफ्ट."

प्लांटच्या गावात वाढलेल्या मुलांना जास्त सांगावं लागत नाही. बाबा रात्रपाळी करून सकाळी येतात, खिडकीवर चादर टाकून झोपतात, आणि मग अख्खं घर चवड्यांवर चालतं. दाराची कडी वाजवायची नाही. स्टीलचा ग्लास पाडायचा नाही. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. आमचा गेम तोच झाला. एका लहान मुलीला स्वयंपाकघरातून पाण्याचा ग्लास घेऊन अंगणाच्या दारापर्यंत जायचं आहे, झोपलेल्या बाबांना न उठवता. कूलर सुरू आहे तोवर त्याच्या घरघरीत पावलं ऐकू येत नाहीत. वीज गेली, कूलर थांबला, की जिथे असाल तिथे थांबायचं. एवढाच गेम.

कूलर, कडी आणि ग्लास यांचे आवाज मी मोबाइलवर मामाच्याच घरात रेकॉर्ड केले.

खरं काम काय असतं?

शुक्रवारी रात्री कागदावर पाच खोल्या होत्या, मामीचं पात्र होतं, शेजारच्या काकांची स्कूटर होती. शनिवारी रात्री दहा वाजता आम्ही बसून हिशेब केला. उरलेले तास २० आणि उरलेली कामं ३१. मग एकेका कामावर काट मारत गेलो. शेवटी एक खोली, एक ओटा आणि एक दार राहिलं. मी लिहिलेल्या चाळीस ओळींपैकी तीन उरल्या. मैत्रिणीने काढलेली स्कूटर फार छान होती, तीही गेली.

जॅमबद्दल एकच गोष्ट सांगायची तर मी हीच सांगेन. दोन दिवसांत किती बनवता येतं, यापेक्षा काय सोडायचं ते वेळेत ठरवता येतं का, याची तिथे परीक्षा असते. मोठी कल्पना सगळ्यांकडे असते. छोटी करून पूर्ण केलेली कल्पना फार थोड्यांकडे असते. आणि गेम पूर्ण असेल तरच दुसऱ्याला खेळता येतो.

दुसरं काम म्हणजे अनोळखी माणसाला खेळायला देणं. रविवारी सकाळी आम्ही लॅपटॉप मामीसमोर ठेवला आणि काही न सांगता बघत बसलो. आम्ही वर एक पट्टी दाखवली होती, आवाज वाढला की ती लाल व्हायची. मामीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिचं सगळं लक्ष झोपलेल्या माणसाकडे. मग पट्टी काढली आणि आवाज झाला की बाबांनी कूस बदलायची, असं केलं. पुढे कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही.

निकाल सांगते. आमचा नंबर यादीत मधे कुठेतरी आला. बक्षीस नव्हतंच. पण अनोळखी लोकांनी खेळून अभिप्राय लिहिले. एकाने लिहिलं की त्याची आई रात्रपाळीची नर्स आहे आणि त्यांच्या घरात कूलरच्या जागी पंखा असतो.

मामाने सोमवारी रात्री गेम खेळला. तीनदा हरला. मग म्हणाला, "हा कूलर आपलाच वाजतोय ना?" थोडा वेळ तो स्क्रीनकडे बघत राहिला. "तुम्ही पोरी एवढ्या सांभाळून चालायच्या, मला कुठे माहीत होतं?" लगेच पुढचा प्रश्न आला, "आजची टेस्ट कशी गेली?" टेस्ट बरी गेली होती. आता मामेबहिणीच्या वेळापत्रकात परीक्षेनंतरच्या एका शनिवार-रविवारवर गोल केलेला आहे. तो मामानेच केलाय.

पालकांनो, जरा इकडे

'ऑनलाइन गेम' म्हटलं की पैसे बुडाल्याच्या बातम्या आठवतात, हे खरं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. गेम जॅमचा त्याच्याशी संबंध नाही. इथे पैसे लावायचे नसतात. मुलगा किंवा मुलगी दोन दिवस चित्र काढते, गणित मांडते, लिहिते, चूक शोधते आणि वेळेचा हिशेब ठेवते.

मात्र लहान मुलांचं खातं तुमच्या देखरेखीखाली उघडा. शाळेचं नाव, पत्ता, फोन नंबर कुठेही लिहू देऊ नका. आणि रात्री झोपायला लावा. जागून केलेलं काम सकाळी पुन्हा करावं लागतं!

सुरुवात कशी कराल?

• मुलं ८ ते १६ वयाची असतील तर स्क्रॅच वापरा. ते ब्राउझरमध्ये चालतं आणि मोफत आहे. ठोकळे जोडून प्रोग्राम तयार होतो.

• प्रोग्रामिंग येत नाही, पण गोष्ट सांगता येते? मग ट्वाइन. वाचणाऱ्याने पर्याय निवडायचे आणि गोष्ट पुढे न्यायची.

• थोडं पुढे जायचं असेल तर गोडो हे गेम इंजिन मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. पण ते जॅमच्या दिवशी पहिल्यांदा उघडू नका. आधी दोन-तीन आठवडे रोज थोडं शिका.

• चित्रं आणि आवाज शक्यतो स्वतःचे घ्या. दुसऱ्याचे घेतलेत तर वापरायची परवानगी आहे का ते वाचा आणि श्रेय द्या.

• गेम ब्राउझरमध्ये उघडेल असा ठेवा. डाउनलोड करावं लागलं की बरेच जण पुढच्या गेमकडे जातात.

• शेवटची वेळ आपल्या घड्याळात लिहून ठेवा. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असते. तिकडे रात्रीचे १२ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच.

• दर दोन तासांनी कामाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. वीज कधी जाईल ते आपण कुणी सांगू शकतो का?

• वेळ संपायच्या दोन तास आधी काहीतरी अपलोड करून टाका. सुधारत बसायचं ते त्यानंतर.

कल्पना कुठून आणायची, असं विचाराल तर घरातून आणि गल्लीतून. २०२२ मध्ये इथे छत्तीसगढिया ऑलिंपिक झाली तेव्हा गिल्ली-डंडा, पिट्ठुल, बिल्लस, फुगडी, गेडी हे सगळे खेळ मैदानात उतरले होते. फुगडी तर आपल्या घरातलीच. पिट्ठुल म्हणजे आपली लगोरी. या प्रत्येकाचे नियम दोन मिनिटांत सांगून होतात, आणि दोन दिवसांच्या गेमला तेवढेच नियम पुरतात.

आज रात्री जेवताना घरातल्या सगळ्यांना एक प्रश्न विचारा: आपल्या घराचा गेम केला तर त्यात हरायचं कशाने? दूध उतू गेल्याने, आजोबांचा चष्मा न सापडल्याने, की एकाच चार्जरसाठी चौघं भांडल्याने? जे उत्तर ऐकून सगळे हसतील, ते कागदावर लिहून ठेवा. पुढच्या जॅमचा विषय काहीही असो, सुरुवात तुमच्याकडे तयार असेल.