पाईप न उघडता आतला थर कसा शोधतात?

गिझरची कॉइल बाहेर काढली की तिच्यावर पांढरा, खडबडीत थर दिसतो. जड पाण्यातले ते क्षार. असाच थर तेल आणि वायूच्या पाईपमध्येही चढतो. पण समुद्रातला पाईप कॉइलसारखा काढून कसा बघणार?

उत्तर समुद्रातल्या मिलर तेलक्षेत्राचं उदाहरण घ्या. १९९२ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं. तिथल्या एका विहिरीचं उत्पादन दिवसाला ३०,००० बॅरलवरून अवघ्या २४ तासांत शून्यावर आलं! कारण होतं साचलेले क्षार.

हे घडतं कसं? तेल पुढे ढकलण्यासाठी खडकात समुद्राचं पाणी सोडतात. त्यात सल्फेट असतं, तर खडकातल्या मूळ पाण्यात बेरियम. ही दोन पाणी एकत्र आली की बेरियम सल्फेट तयार होतं. गिझरमधला थर व्हिनेगरने सुटतो. हा मात्र साध्या ॲसिडलाही दाद देत नाही. म्हणूनच तो पातळ असताना सापडणं महत्त्वाचं.

त्यासाठी गॅमा किरण कामी येतात. पाईपच्या एका बाजूला सीझियम-१३७ सारखा किरणांचा स्रोत आणि समोर किरण मोजणारं यंत्र ठेवतात. थर जितका जाड, तितके कमी किरण पलीकडे पोहोचतात. पाईप कापायची गरज नाही. गंमत म्हणजे, पोटाच्या एक्स-रेआधी पेशंटला जे पांढरं औषध पाजतात, तेही बेरियम सल्फेटच! किरण अडवण्याचा त्याचा गुण दोन्हीकडे उपयोगी पडतो.

दुसरी खूण पाण्यात मिळते. विहिरीतून येणाऱ्या पाण्यातलं बेरियम अपेक्षेपेक्षा कमी झालं, तर ते वाटेत कुठेतरी बसत असण्याची शक्यता असते.

हा थर शोधणं फक्त तेलासाठी गरजेचं नाही. बेरियमसोबत खडकातलं किरणोत्सारी रेडियमही थरात अडकतं. असा पाईप कोरडाच घासला तर ती धूळ कामगाराच्या श्वासातून शरीरात जाऊ शकते. म्हणून सफाईआधी किरणोत्सार मोजतात, थर ओला ठेवतात आणि मास्क वापरतात.

तेल थांबलं तर कंपनीचं नुकसान होतं. पण हे मोजमाप चुकवलं, तर किंमत पाईप घासणारा माणूस मोजतो.