घाट चढायचाय? आधी सीट वर करा!

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. वय त्रेचाळीस, दोन मुलं, नोकरी. मुलाची गिअरची सायकल घरात धूळ खात पडलेली, ती त्यांनी सकाळी चालवायला घेतली. सपाटीवर पंधरा-वीस किलोमीटर सहज होतात. ‘पण गावाबाहेरचा चढ आला की गुडघे बोलायला लागतात, आणि उतारावर पोटात गोळा येतो. या वयात घाटाचा नाद सोडून द्यावा का?’ असं त्या विचारतात.

‘सोडू नका’ एवढं लिहून उत्तर संपलं असतं. पण हाच प्रश्न चार वर्षांपूर्वी मी स्वतःला विचारला होता, पसरणीच्या घाटात, कठड्यावर बसून, अगदी रडवेली होऊन. म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं सासर वाईचं. वाईहून पाचगणी सुमारे १२ किलोमीटर. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, पाचगणी जवळजवळ १३०० मीटरवर. म्हणजे एवढ्याशा अंतरात साडेपाचशे-सहाशे मीटर चढायचं. पायथ्याशी पसरणी, शाहीर साबळ्यांचं गाव. ते मागे पडलं की रस्ता डोंगराला बिलगून वळणं घेत वर जातो, तो थेट पाचगणीपर्यंत. लहानपणी पुण्यात तासाच्या भाड्यानं सायकल आणून, नळीखालून पाय घालून शिकलेली मी. मला वाटलं, त्यात काय एवढं!

निघाले ती नुसत्या चहावर, आणि बरोबरच्या भाच्याच्या मागे जोरात. तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरलाच गुडघ्याच्या वाटीमागे कळ यायला लागली. मागून एस.टी.चा हॉर्न झाला, मी घाबरून उतरले नि कठड्यावर बसले. माझ्या वन्सं काळजीपोटी स्कूटीवरून मागोमाग येत होत्या. त्यांनी सायकलकडे एकदा, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “वहिनी, सायकलवर बसला होतात की पाटावर?”

खरं होतं त्यांचं. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून मी सीट पार खाली करून घेतली होती. आपण बायका बहुतेकजणी हेच करतो, पडायच्या भीतीनं. पण मग गुडघा सारखा दुमडलेला राहतो आणि चढाचा सगळा भार त्याच्यावर येतो. तेव्हा आधी हे करा. भिंतीला हात टेकून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात जेवढा हवा तेवढाच बाक राहतो. थांबताना सीटवर बसून पाय टेकवायचा नसतो. सीटवरून पुढं उतरून एक पाय खाली ठेवायचा. अंगणात दहा-बारा वेळा केलंत की जमतं. एवढं करूनही गुडघा दुखत राहिला किंवा सुजला, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं, तेल चोळत बसायचं नाही.

गिअरचं म्हणाल तर चढाला पुढची चकती लहान, मागची मोठी. आणि हा बदल चढ सुरू होण्याआधी करायचा. चढात पाय अडकल्यावर गिअर टाकलात की चेन कुरकुरते, कधी उतरतेही. पाय हलके नि भरभर फिरले पाहिजेत. वेग किती ठेवावा? शेजारणीशी दोन वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत एवढाच. धाप लागून बोलणं तुटलं की समजावं, आपण कुणाच्या तरी मागे धावतोय.

उपाशीपोटी निघू नका. आधी एखादं केळं किंवा पोळी-गूळ खावा, खिशात राजगिऱ्याचा लाडू नाहीतर शेंगदाण्याची चिक्की ठेवावी. तासाभरापेक्षा जास्त घाम निघणार असेल तर घरीच पाणी तयार करावं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, वर लिंबू. चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे! तहान लागायची वाट न बघता घोट घोट पीत जावं.

आता जरा संकोचाचा विषय, पण आपल्या आपल्यात बोलायला काय हरकत आहे? दुकानदारानं मला ‘ताई, लेडीज आहे, मऊ आहे’ म्हणत उशीसारखी गुबगुबीत सीट गळ्यात मारली. तासाभरात ती नको त्या जागी रुतायला लागली. सीट बेताची टणक हवी. बसल्यावर भार मागच्या दोन हाडांवर आला पाहिजे. सायकलीसाठी अस्तराच्या चड्ड्या मिळतात, त्या सलवारीखाली घातल्या तरी चालतात, मात्र त्यांच्या आत दुसरं काही घालायचं नाही. शिवणी तिथेच काचतात. सलवारीचा उजवा पाय क्लिपनं आवळून घ्यावा. ओढणी घरीच ठेवावी. आणि हेल्मेटशिवाय घाटात पाय टाकू नये, हे मी अनुभवानं सांगते.

कारण खरी गोष्ट उताराची आहे. दुसऱ्या खेपेला मी वर पोचले. फार आनंद झाला होता. येताना पुढचा ब्रेक दाबला तर कोलांटी होईल या भीतीनं नुसता मागचाच दाबून धरला, तोही सारखा. त्याची रबरं आधीच झिजलेली, हे मी निघताना बघितलंच नव्हतं. एका वळणावर वाळू होती. मागचं चाक सरकलं, मी कठड्यावर आपटले. कोपराला चार टाके पडले. डोकं हेल्मेटमुळं वाचलं. घरी आल्यावर ‘हे’ एवढंच म्हणाले, “आता झालं ना समाधान?” सायकल तीन महिने भिंतीला टेकून होती. तिच्याकडे बघायचंसुद्धा मी टाळत होते.

पुन्हा सुरुवात केली ती घाटात नव्हे. मेणवलीवरून धोम धरणाकडे जाणारा रस्ता आहे, तिकडे एक छोटासा उतार शोधला आणि तो वीस वेळा उतरले. वन्सं खाली उभ्या राहून मोजत होत्या. तिथं शिकले ते असं. दोन्ही ब्रेक एकदम, हलक्या हातानं, दाबा-सोडा, दाबा-सोडा. अंग थोडं मागं, कोपरं सैल. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक आवळायचा नाही. नजर चाकापुढच्या खड्ड्यावर नाही, वळणाच्या पलीकडे, जिथं जायचंय तिथं. ब्रेक फार वेळ दाबून धरला की चाकाची रिम तापते, म्हणून लांब उतारावर रुंद जागा बघून मध्ये थांबावं. आणि अरुंद घाटात वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. आपण उतरत असलो तर आपणच थांबायचं.

एकटीनं जावं का, हेही पत्रात विचारलंय. चहाच्या टपरीवर ‘बरोबर कोण आहे?’ हा प्रश्न मलाही येतो नि मला तो आवडत नाही. तरी पहिले काही महिने सोबत घ्याच. बाई म्हणून नव्हे. पंक्चर नि पडणं काही विचारून येत नाही म्हणून. शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांची रीघ असते, तेव्हा मधल्या वारी, उजाडता उजाडता निघावं. पावसाळ्यात धुकं आणि दरडी, तेव्हा घाट नकोच.

त्या फेब्रुवारीत मी पुन्हा चढले. एक तास पन्नास मिनिटं लागली, तीनदा थांबले. वरून खाली कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी दिसत होतं. वन्संनी डब्यात थालीपीठ आणलं होतं, ते कठड्यावर बसून खाल्लं. मग ब्रेकची रबरं दोघींनी बोटानं चाचपून बघितली आणि उतरायला लागलो. ज्या वळणावर पडले, तिथं मी सायकलवरून उतरून चालत गेले. आजही जाते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी सीटची उंची कळवलेली नाही. ती आधी बघा, आणि दोन आठवड्यांनी गुडघे काय म्हणतात ते लिहा.