झोप उडाली त्याच आठवड्यात उपचार मिळावेत : नरसी नामदेव परिसरातील पालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, मा. जिल्हा शल्यचिकित्सक, मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, हिंगोली.

विषय : तरुणांमधील उन्माद व बायपोलर आजाराची वेळेत ओळख आणि गावाजवळ उपचार मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही नरसी नामदेव आणि आसपासच्या गावांतले आईवडील, भाऊबहिणी आहोत. आमच्या घरांतल्या मुलामुलींना बायपोलर आजार आहे. काही दिवस उन्माद, मग काही महिने उदासी, मधल्या काळात मूल अगदी पहिल्यासारखे. हा आजार बहुधा पंधरा ते पंचविशीच्या दरम्यान डोके वर काढतो, म्हणजे दहावी-बारावी, कॉलेज आणि लग्न याच वयात.

हळद शिजवण्याच्या दिवसांतली एका घरातली हकिकत सांगतो. एकोणीस वर्षांचा मुलगा चार रात्री झोपला नाही. कुकरपाशी उभा राहून त्याने घरची हळद शिजवली, मग शेजाऱ्याचीही. गाव म्हणाले, पोरगं लई कष्टाळू निघालं. दोन दिवसांनी त्याने पट्टीचे पैसे मोबाइलवर उडवले, तिसऱ्या दिवशी कुणाला न विचारता जमिनीचा इसार देऊन आला, आणि आई आडवी आली तेव्हा तिच्यावर हात उगारला. मग त्याला बाहेरचे बघणाऱ्याकडे नेले. डॉक्टरांपुढे तो गेला तेव्हा तीन महिने उलटले होते आणि उन्माद उतरून त्याने अंथरूण धरले होते. घरच्यांनी ‘बोलत नाही, जेवत नाही’ एवढेच सांगितले. आधीचे जागरण आणि उधळपट्टीही सांगायची असते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. उदासीची गोळी एकटीच सुरू झाली आणि काही आठवड्यांत पोरगा पुन्हा चढला.

हे टाळता आले असते. बायपोलरच्या रुग्णाला मन स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय नुसती उदासीची गोळी दिली, तर उन्माद उसळू शकतो. म्हणून आमची पहिली आणि सर्वांत मोठी मागणी ओळखीची आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याने उदास तरुणाच्या घरच्यांना विचारलेच पाहिजे : याआधी कधी झोप न घेताही अंगात भरपूर जोर होता का? बोलणे थांबत नव्हते का? पैसा, गाडी, भांडण यांचा ताळ सुटला होता का? घराण्यात कुणाला असे झाले होते का? हेच प्रश्न आशाताई, समुदाय आरोग्य अधिकारी, शाळेचे शिक्षक आणि वसतिगृहाचे अधीक्षक यांनाही शिकवावेत. आमची मुले शिकवण्यांसाठी नांदेड-लातूरला खोल्या करून राहतात. तिथे रात्र-रात्र जागण्याला अभ्यास समजले जाते. ज्याला हा आजार होण्याची प्रवृत्ती आहे, त्याच्यात जागरणानेच उन्माद सुरू होऊ शकतो.

नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव. इथे भजनाला रात्रभर बसणे हा आजार नव्हे, आणि तसे कुणी म्हणू लागले तर आम्हीच आधी विरोध करू. पण भजन संपल्यावर माणूस घरी येऊन झोपतो. जो आठवडाभर झोपत नाही, देवाने आपल्यालाच निवडले म्हणून सांगत सुटतो आणि समजावणाऱ्याच्या अंगावर जातो, त्याला दवाखाना हवा. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नेही रुग्णाला साखळदंड घालण्यास मनाई केली आहे. कीर्तनकार मंडळींनी फडावरून हे सांगितले तर लोक ऐकतील. आरोग्य विभागाने त्यांच्याकडे स्वतः होऊन जावे.

दुसरी मागणी औषधांची. २०१७ च्या कायद्यानुसार मानसिक आजाराची आवश्यक औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी रुग्णालयांत सर्वकाळ मोफत मिळायला हवीत. आमची मागणी एक पायरी खालची आहे : एकदा तज्ज्ञांनी औषध ठरवले की ते प्राथमिक आरोग्य केंद्रावर मिळावे. गोळी संपली, तालुक्याला जायला मजुरी बुडते, म्हणून चार दिवस राहिली आणि आजार उलटला, हे आमच्या घरोघरचे आहे. लिथियमचे तर वेगळेच. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावरचा त्याचा उपयोग दाखवून दिला आणि आजही ते या आजारावरचे खात्रीचे औषध आहे. पण रक्तातले त्याचे प्रमाण थोडे कमी झाले तर गुण येत नाही, थोडे वाढले तर विषबाधा होते. घाम गेला, जुलाब झाले, पाणी कमी पडले की प्रमाण वाढते. अंगदुखीच्या काही साध्या गोळ्यांनीही वाढते. मराठवाड्याच्या उन्हात राबणाऱ्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या पोराला हे कोण सांगणार? लिथियमची रक्ततपासणी जिल्हा रुग्णालयात मोफत व ठरलेल्या वारी व्हावी, मराठीतली सूचनापत्रिका औषधासोबत द्यावी आणि स्थलांतर करणाऱ्यांना हंगाम पुरेल अशी व्यवस्था करून द्यावी.

मुलींबाबत वेगळे सांगणे भाग आहे. सोडियम व्हाल्प्रोएट हे नेहमी दिले जाणारे औषध गर्भाला घातक आहे. बाळाच्या पाठीच्या कण्यात व्यंग राहू शकते. आमच्याकडे ‘लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल’ असा सल्ला मिळतो आणि आजार झाकून लग्न लागते. सासरी गोळी लपवावी लागते, नाहीतर बंद होते. प्रत्येक मुलीला हे औषध देण्याआधी धोका समजावून सांगावा व पर्याय द्यावा.

तीव्र उन्मादात रुग्णाला न्यायचे कुठे? राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. आवरेनासे झालेले मूल गाडीत बांधून तिथवर न्यावे लागते, हे आम्ही पाहिले आहे. २०१७ च्या कायद्यानुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार करू शकतो. तो हिंगोलीत सुरू व्हावा, अठरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांपासून वेगळे ठेवावे आणि आई किंवा बाप सोबत राहू द्यावा. जिल्ह्यात किमान सेवा नसेल, तर जिल्ह्यातल्याच अन्य ठिकाणच्या उपचाराचा खर्च शासनाने द्यायचा, असे याच कायद्याचे कलम १८ सांगते. त्यासाठी अर्ज कुठे करायचा, हे लेखी जाहीर करावे.

देशाच्या २०१५-१६ च्या मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. किमान हिंगोली जिल्ह्याची, नावे गुप्त ठेवून, मोजणी व्हावी.

आजारामुळे वर्ष बुडालेल्या विद्यार्थ्याचे नाव पटावरून काढू नये. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत क्रमांक शाळा, एसटी स्थानक व ग्रामपंचायतीत लावावा.

शेवटची मागणी पोलिसांबाबत. आषाढ वद्य एकादशीला परतवारीसाठी नरसीत प्रचंड गर्दी होते. उन्मादात घर सोडलेली मुले अशा गर्दीत सापडतात आणि भांडखोर किंवा दारुडे समजून त्यांना मारले जाते. २०१७ च्या कायद्याच्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला २४ तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचे असते, कोठडीत टाकता येत नाही. बंदोबस्तावरच्या प्रत्येक शिपायाला हे आधी सांगितलेले असावे आणि यात्रेच्या आरोग्य पथकात मानसोपचाराची जाण असलेली एक व्यक्ती असावी. यात्रेच्या नियोजनाच्या बैठकीला आमचे दोन प्रतिनिधी बोलवावेत आणि बाकीच्या मागण्यांवर, कोणती कधीपर्यंत व कुणाकडून पुरी होईल, याचे लेखी उत्तर तीस दिवसांत द्यावे.

आपले,
पालक व शुश्रूषक, नरसी नामदेव परिसर