नोटीस पिरियडमधली मॅच

नोटीस पिरियडमधला माणूस ओळखणं एकदम सोपं. दहाला येणारा अकराला उगवतो, चहाला दोनदा जास्त जातो आणि कुठल्याही मेलला 'बघतो' एवढंच उत्तर देतो. आपण सगळेच कधी ना कधी असे वागलोय. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा.

पण या प्रकारातली सगळ्यात मोठी भानगड बघायची, तर थेट १९१५ च्या मँचेस्टरला जायला हवं.

इंग्लिश लीगचा १९१४-१५ चा सीझन. महायुद्ध पेटलेलं, पोरं सैन्यात भरती होतायत आणि फुटबॉल मात्र चालूच. 'तिकडे माणसं मरतायत आणि तुम्ही इथे बॉल लाथाडताय?' अशी टीका क्लबवर होत होती. सीझन संपला की लीग बंद पडणार, हे खेळाडूंना दिसत होतं. म्हणजे पगार बंद. त्यात पगारावर कमाल मर्यादा, त्यामुळे स्टार असला तरी गाठीला फारसं काही नाही.

अशात २ एप्रिलला, गुड फ्रायडेला, ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड विरुद्ध लिव्हरपूल. तळाशी गटांगळ्या खाणाऱ्या युनायटेडने मॅच २-० ने जिंकली. दोन्ही गोल जॉर्ज अँडरसनचे. पण खेळ इतका मरगळलेला, की प्रेक्षक वैतागले. युनायटेडच्या पॅट्रिक ओकॉनेलने पेनल्टी गोलच्या बाहेर मारली. लिव्हरपूलच्या फ्रेड पॅग्नमचा फटका क्रॉसबारवर आदळला, तर त्याचेच टीममेट त्याच्यावर चिडले!

मग बाहेर आलं, की बरोबर २-० याच स्कोअरवर बुकींकडे भरपूर पैसे लागले होते. भाव एकाला सात. चौकशी झाली आणि डिसेंबर १९१५ मध्ये दोन्ही क्लबच्या मिळून सात खेळाडूंवर तहहयात बंदी आली. लिव्हरपूलचे चार, युनायटेडचे तीन. गंमत म्हणजे युनायटेडच्या तिघांपैकी त्या दिवशी मैदानात होता फक्त इनॉक वेस्ट. निकाल मात्र तसाच ठेवला गेला. युनायटेड खालच्या चेल्सीपेक्षा एका पॉइंटने वर राहिलं, आणि तेव्हा एका विजयाचे पॉइंट होते दोन. करा हिशोब.

पुढे युद्धातल्या सेवेची दखल घेऊन १९१९ मध्ये बंदी उठवली गेली. सँडी टर्नबुललाही माफी मिळाली, पण तो १९१७ मध्येच फ्रान्समध्ये लढताना गेला होता. वेस्ट तेवढा राहिला. 'मी काही केलं नाही' म्हणत तो कोर्टात गेला, हरला. त्याची बंदी उठली १९४५ मध्ये. तेव्हा त्याचं वय ५९.

त्या सीझनचा चॅम्पियन कोण? एव्हर्टन. कुणाला आठवतंय? सगळ्यांच्या लक्षात राहिली ती ही मॅच.

हे वाचल्यावर मला माझा एक लेख आठवला. काही वर्षांपूर्वी मी जिच्यासाठी लिहायचे ती पुरवणी बंद होणार होती. शेवटचा लेख होता एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांवर. आता कोण बघतंय, म्हणून मी दुकानात गेलेच नाही. फोनवर पाच मिनिटं बोलले आणि उरलेलं जुळवून टाकलं. छापून आलं तेव्हा त्यांचं आडनावच चुकलेलं. मी फोन करायचं टाळलं, तर त्यांचाच आला. 'ताई, छान लिहिलंय हो. आडनावाचं काही नाही, लोक ओळखतात मला.' लेख लॅमिनेट करून दुकानात लावलाय म्हणाले.

माझ्यासाठी तो जाता जाता उरकलेला शेवटचा लेख होता. त्यांच्याबद्दल मात्र आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी छापून आलं होतं.

ओल्ड ट्रॅफर्डवर त्या दिवशी तिकीट काढून आलेले लोकही असेच असणार. युद्ध सुरू असताना सुट्टीच्या दिवशी मॅच बघायला आलेले.

तुमचा नोटीस पिरियड चालू असेल तर चहाला खुशाल जा. फक्त टेबलावरची ती एक फाइल नीट संपवून जा. आणि आडनाव तपासून घ्या, प्लीज!