वर्णद्वेषावरील पहिला घाव आणि विस्मृतीत गेलेला विदर्भ

मानवाधिकार ही पाश्चात्त्यांनी जगाला दिलेली देणगी आहे, असा समज आपल्याकडील विचारवंतांच्या एका वर्तुळात दृढमूल झाला आहे. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीचा इतिहासही याच चष्म्यातून सांगितला जातो. अमेरिकेतील विद्यापीठांची निदर्शने, लंडनमधील मोर्चे, युरोपातील बहिष्कार यांची वर्णने रंगवून सांगितली जातात. पण त्या राजवटीशी व्यापार तोडणारा जगातील पहिला देश कोणता? उत्तर आहे भारत, आणि तेही १९४६ साली, स्वतः परतंत्र असताना!

या कथेचा धागा थेट विदर्भाच्या मातीत येऊन पोचतो. वणी येथे जन्मलेले, यवतमाळला वकिली केलेले आणि १९३० साली पुसदच्या जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व करणारे लोकनायक बापूजी अणे १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्यांच्याकडे खाते होते परदेशस्थ भारतीयांचे. गांधीजींच्या उपवासाच्या प्रश्नावर फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांनी पद सोडले. त्यांच्यानंतर ते खाते नागपूरच्या डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे आले. काँग्रेसने ज्यांना १९३८ मध्ये मुख्यमंत्रिपदावरून दूर केले, ते हेच डॉ. खरे. दक्षिण आफ्रिकेत भारताचे उच्चायुक्त म्हणून गेले विदर्भाचेच बॅ. रामराव देशमुख.

जनरल स्मट्स यांच्या सरकारने १९४६ मध्ये कायदा करून भारतीयांच्या जमीनखरेदीवर आणि वस्तीवर वर्णाच्या आधारे निर्बंध लादले. ‘घेटो कायदा’ म्हणून तो कुप्रसिद्ध झाला. डर्बनमध्ये भारतीयांनी सत्याग्रह आरंभला. भारत सरकारने मार्चमध्येच व्यापारी करार संपुष्टात आणण्याची सूचना दिली होती. उच्चायुक्तांना परत बोलावण्यात आले, २२ जूनला संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार गेली आणि १७ जुलैला व्यापारबंदी अंमलात आली. भारताच्या निर्यातीपैकी सुमारे साडेपाच टक्के माल त्या देशात जात असे. त्यावर पाणी सोडण्यात आले. नेहरूंचे अंतरिम सरकार अधिकारावर आले ते २ सप्टेंबरला. राष्ट्रसंघात विजयालक्ष्मी पंडित यांनी भारताची बाजू समर्थपणे मांडली, याचे श्रेय त्यांना अवश्य द्यावे. पण पाया कोणी घातला, हे सांगताना आपले इतिहासकार मौन का पाळतात?

८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेत ३२ विरुद्ध १५ मतांनी ठराव संमत झाला. विरोधात कोण होते? ब्रिटन आणि अमेरिका! राष्ट्रसंघाच्या सनदेच्या प्रास्ताविकाचा मसुदा ज्यांनी लिहिला, ते स्मट्सच ‘हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे’ असे सांगत होते. पुढचा इतिहासही याच वळणाचा आहे. ऱ्होडेशियात मूठभर गोऱ्यांनी १९६५ मध्ये सत्ता बळकावली. राष्ट्रसंघाने निर्बंध घातले, तरी अमेरिकेने १९७१ मध्ये कायदा करून तेथील क्रोमच्या आयातीस वाट मोकळी करून दिली. १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेला राष्ट्रसंघातून काढण्याच्या ठरावावर अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स या तिघांनी नकाराधिकार वापरला. त्याच वर्षी भारताचा टेनिस संघ पुण्यात रशियाला नमवून डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला होता. समोर दक्षिण आफ्रिका होती. भारताने सामना खेळला नाही, हाती आलेला चषक सोडला. अमेरिकन काँग्रेसने व्यापक निर्बंधांचा कायदा केला तो १९८६ मध्ये, अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून. भारतानंतर चाळीस वर्षांनी!

यावर एक आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. ‘तुमच्याकडे अस्पृश्यता आहे, तुम्ही कोणत्या तोंडाने बोलता?’ आक्षेपातील वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. अस्पृश्यता हा हिंदू समाजावरचा कलंकच होता आणि तो पूर्णपणे पुसला गेला आहे, असे म्हणण्याचे धाडस आजही कोणी करू नये. पण दोन्ही देश कोणत्या दिशेने चालले होते? डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. त्याच सुमारास, १९४८ नंतर, दक्षिण आफ्रिका एकामागून एक कायदे करून भेदाला राज्याचे धोरण बनवीत होती. आपल्या दोषाशी झुंजणारा समाज आणि दोषाला कायद्याचे सिंहासन देणारा समाज यांना एका मापाने मोजणे हा बुद्धिभेद आहे. मात्र हे उत्तर तोवरच खरे राहील, जोवर गावच्या पाणवठ्यावर आणि मंदिराच्या दारी ते खरे ठरेल. ती जबाबदारी आपली आहे.

दक्षिण आफ्रिकेशी संबंध भारताने १९९३ मध्ये पुन्हा जोडले. सत्तेचाळीस वर्षे एका तत्त्वासाठी तोटा सोसणारे राष्ट्र आपले आहे. इतरांकडून नीतीचे धडे घेण्याआधी यवतमाळच्या विद्यार्थ्याला निदान एवढे तरी कळावे, की परदेशस्थ भारतीयांचे खाते एकेकाळी वणीत जन्मलेल्या एका माणसाच्या हाती होते. ते त्याला कोण सांगणार?