वहीतला लाल ठिपका

आमच्या सल्ला केंद्रात एक जाड वही होती. आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्या ताईंनी ती वीसेक वर्षं सांभाळली. वकील, डॉक्टर, पोलीस ठाण्यातल्या ओळखीच्या बाई, वस्तीवस्तीतल्या मैत्रिणी, मासिकाच्या वर्गणीदार आणि मदत मागायला आलेल्या बाया, सगळ्यांचे फोन त्या एका वहीत. रात्री कुणा बाईला घराबाहेर काढलं की ताई वही उघडायच्या आणि कुठे ना कुठे तिची सोय व्हायची.

मग ताई आजारी पडल्या. त्या दवाखान्यात आणि वही त्यांच्या घरी, कपाटात. तेव्हा लक्षात आलं की संघटनेनं जोडलेली सगळी माणसं एका बाईच्या पिशवीत आहेत. म्हणून ऑफिसात सर्व्हर बसवायचं ठरलं. सर्व्हर म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. कोपऱ्यात सतत चालू राहणारा एक संगणक. त्यावरची यादी ऑफिसातल्या प्रत्येक टेबलावरून उघडता येते आणि एकीनं दुरुस्त केलेला नंबर सगळ्यांनाच दुरुस्त दिसतो.

रकाने मी ठरवले. नाव, पत्ता, फोन, व्यवसाय, संस्था. एका मुलीनं आठवडाभर बसून वही उतरवून काढली. वहीत काही नावांपुढे लाल ठिपका होता. त्यासाठी रकानाच नव्हता, म्हणून तो उतरला नाही.

आठ मार्चच्या कार्यक्रमाचं निमंत्रण आम्ही यादीतल्या सगळ्यांना एकदम पाठवलं. खाली संघटनेचं नाव आणि सल्ला केंद्राचा पत्ता. एका बाईच्या घरी त्या वेळी फोन नवऱ्याच्या हातात होता. ती घरच्यांच्या नकळत येत होती, पोटगीच्या अर्जासाठी कागद जमवत होती. पुढचे तीन महिने ती आली नाही, आणि आम्ही तिला फोन करून विचारूही शकत नव्हतो. ठिपक्याचा अर्थ ताईंनी नंतर सांगितला : हिच्या घरी फोन करायचा नाही.

या प्रकारानंतर काहीजणी म्हणाल्या, वहीच बरी होती. मला ते पटत नाही. वहीतलं शहाणपण ताईंबरोबरच जाणार असेल तर ती संघटनेची वही नव्हे. सामायिक यादी हवीच. पण ती बनवताना जे निर्णय घ्यायचे असतात, ते आम्ही संगणकवाल्या मुलावर आणि माझ्या घाईवर सोडले होते.

पहिला निर्णय, यादी एक नको, दोन हव्यात. वकील, कार्यकर्त्या, वर्गणीदार ही आपली ओळखीची माणसं. मदतीला आलेली बाई ही आपली ‘संपर्क’ नव्हे. तिची नोंद वेगळी, क्रमांकानं. कोणता क्रमांक कुणाचा, हे फक्त तिच्याशी बोलणाऱ्या समुपदेशकांना माहीत असावं. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे. पूर्वी हेच कलम २२८-अ होतं.

यावर आमच्या बैठकीत बरंच वाजलं. ‘आपण सगळ्या समान, मग हिला दिसावं आणि तिला दिसू नये ही उतरंड कशाला?’ प्रश्न खरा आहे. आपल्या संघटना उतरंड मोडण्यासाठीच उभ्या राहिल्या. पण माहिती आपली असती तर ती सगळ्यांत वाटण्याचा हक्क आपला असता. ती त्या बाईची आहे. तिनं ती एका खोलीत, दार लावून, एका बाईला सांगितली आहे. आपल्यातली समानता तिच्या जिवावर नको.

दुसरा निर्णय, विचारल्याशिवाय नोंद नाही. कोणत्या नंबरवर फोन करायचा, किती वाजता, दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं, हे पहिल्याच भेटीत विचारायचं. हा रकाना रिकामा असेल तर फोन नाही, संदेश नाही. नावही तिला हवं तेच लिहायचं. संगणकाच्या तयार नमुन्यात ‘पतीचे नाव’ हा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं! महाराष्ट्रात २०२४ साली झालेल्या निर्णयानं मुलांच्या सरकारी कागदांवर नावात आईचं नाव येऊ लागलं, आणि आपल्याच यादीत बाईला नवऱ्याशिवाय जागा नाही?

तिसरा, कुलूप. प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा, आणि काम सोडून गेलेल्या मुलीचा त्याच दिवशी बंद. कुणी कोणती नोंद उघडली, याची नोंद राहावी. सर्व्हर ऑफिसात आहे म्हणून निर्धास्त राहू नये, तो चोरीला जाऊ शकतो, पावसाच्या पाण्यात बुडू शकतो. त्यावरची माहिती सांकेतिक रूपात साठवावी, आणि तशीच एक प्रत दर आठवड्याला दुसऱ्या जागी ठेवावी.

चौथा, देणगीदार. ‘लाभार्थींची नावं आणि फोन पाठवा’ अशी मागणी येते, तेव्हा आपण आकडे द्यावेत, नावं देऊ नयेत. निधी गेला तरी चालेल, असं म्हणणं सोपं नाही, हे पगाराच्या तारखेला मलाही कळतं. तरीही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमतानं सांगितलं. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमल टप्प्याटप्प्यानं आहे. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरायची, हे त्यातलं मुख्य सूत्र. सरकारकडे, कंपन्यांकडे आपण हा हक्क मागतो. मग आपल्या कोपऱ्यातल्या संगणकापासून सुरुवात करायला नको?

ती बाई परत आली, भावाला घेऊन. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ‘ताई, आता तरी नीट लिहून ठेवा.’ आमच्या यादीत आता पहिलाच रकाना ‘लाल ठिपका’ आहे. मैत्रिणींनो, तुमच्या केंद्रात या नोंदी कशा ठेवता, कुठे चुकलात, हे जरूर लिहून कळवा.